मौन आणि संमती

(कुटुंब प्रबोधनपर व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय व्यासपीठावरून बोलण्याचा नव्हे, असे येथे बसलेल्या पुष्कळांना मनातून वाटत असेल. शरीरसंबंध, त्यातील संमती आणि एकाने दुसऱ्याच्या देहाची राखावयाची मर्यादा या गोष्टी आपल्याकडे आईने मुलीला आडून सुचवायच्या असतात आणि बापाने मुलाला सांगायच्याच नसतात. हा संकोच सर्वस्वी त्याज्य आहे असे नाही. ज्या समाजात सगळेच चव्हाट्यावर येते तो समाज काही अधिक निरोगी असतो, असा अनुभव नाही. परंतु संकोच ही एक गोष्ट आणि अज्ञान ही दुसरी. आपण गेल्या काही पिढ्यांत संकोचाच्या पदराआड अज्ञान जपले. त्याची किंमत बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाने मोजली.

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्याकडे सुशिक्षित-अशिक्षित सर्वांच्या तोंडी आहे. सभेत ठराव मांडला, कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे तो मान्य झाला. सभेपुरते हे ठीक आहे. पण हेच वचन आपण मुलीच्या लग्नाला लावले, नववधूच्या पहिल्या रात्रीला लावले, पोलीस ठाण्यात उभ्या असलेल्या भेदरलेल्या मुलीला लावले. ते कसे आणि कुठे चुकले, हे पाहायचे तर १८८४ सालच्या मुंबईपासून सुरुवात करावी लागते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांच्या सुतार ज्ञातीत पुनर्विवाहाला मुभा होती. त्यामुळे काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. हे डॉक्टर मुंबईतील नामांकित वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. दुसऱ्या विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावावर केली. रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना सखाराम अर्जुनांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी त्यांचे लग्न लावण्यात आले. लग्न झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून त्यांनी वाचन केले, इंग्रजी शिकल्या. इकडे दादाजींचे शिक्षण थांबले, प्रकृती ढासळली, आणि ते मामाच्या आश्रयाने राहू लागले. १८८४ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी एवढीच की, पत्नीने आपल्या घरी नांदायला यावे असा हुकूम न्यायालयाने द्यावा.

रखमाबाईंचे म्हणणे त्या काळात ऐकणाऱ्याचे कान बधिर व्हावेत असे होते. अजाण वयात, आपली संमती न घेता हे लग्न झाले आहे, या माणसाबरोबर राहण्याची आपली इच्छा नाही, म्हणून आपण जाणार नाही. त्यांनी छळाची तक्रार केली नाही. कारण छळायला त्या कधी तिथे गेल्याच नव्हत्या. त्यांच्याजवळ एकच कारण होते, आणि ते म्हणजे नकार.

१८८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांच्या निकालातील एक मुद्दा आजही आपण नीट लक्षात घेतलेला नाही. त्यांनी म्हटले की, नांदायला लावण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रात कुठेच नाही. तो इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून आलेला आहे. जे पतिपत्नी कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांना तो लावणे म्हणजे त्या दाव्याच्या मूळ हेतूच्याही पलीकडे जाणे होय. हे खरे होते. धर्मशास्त्रांनी पतीला आणि पत्नीला कर्तव्ये सांगितली, ती मोडली तर प्रायश्चित्ते सांगितली, राजदंडही सांगितला. पण अनिच्छेने दूर राहिलेल्या पत्नीला शिपायाकरवी पतीच्या घरात आणून सोडण्याची तजवीज तिथे नाही. ती इंग्रजी न्यायपद्धतीतून आपल्या दिवाणी न्यायालयांत शिरली. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम दांपत्याच्या खटल्यात असा दावा हिंदुस्थानातील न्यायालयांपुढे चालू शकतो, असे ठरवले होते. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूम न मानणाऱ्यास तुरुंगाची तरतूद केली. गंमत अशी की, दादाजींनी दावा लावला त्याच १८८४ साली खुद्द इंग्लंडने कायदा करून तिकडची ही तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. हिंदुस्थानात ती राहिली.

आणि आपल्या समाजाने काय केले? त्याने या परकीय हत्याराला 'आपला धर्म' म्हणून कवटाळले. पिन्हीसाहेबांनी हिंदू विवाहसंस्थेवर घाला घातला, असा गिल्ला झाला. अपील झाले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : एक महिन्यात पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिने कारावास. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी कळवले की, आपण तुरुंगात जाऊ. सखाराम अर्जुन तोवर वारले होते. तुरुंगात त्यांना प्रत्यक्ष जावे लागले नाही. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि प्रकरण मिटले. महाराणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडले, अशी कथा अजूनही अधूनमधून छापून येते. प्रकरण संपले ते या तडजोडीने. पुढे रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांची सेवा केली.

नांदायला लावण्याचा तो दावा मात्र संपला नाही. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमात चर्चच्या न्यायालयातून आलेला हा उपाय 'हिंदू' या शिरोनामाखाली सुखाने बसला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. रखमाबाई नव्वदीत वारल्या. आता तुरुंग नाही, फार तर मालमत्तेवर जप्ती येते, आणि पतीप्रमाणे पत्नीही हा अर्ज करू शकते. इंग्लंडने तो १९७० मध्ये पुरता रद्द केला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. इच्छेविरुद्ध देह दुसऱ्याच्या स्वाधीन करायला राज्यसंस्था भाग पाडू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, हेतू संसार वाचवण्याचा आहे असे म्हणून. कौटुंबिक न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणालाही विचारावे. कलम ९ चा अर्ज संसार वाचवण्यासाठी किती वेळा येतो आणि पोटगीच्या दाव्याला उत्तर म्हणून किती वेळा येतो, हे तो सांगेल.

रखमाबाईंच्या पाठोपाठ संमतिवयाचा वाद आला. तो आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून टिळक विरुद्ध आगरकर अशा दोन रंगांत शिकवला जातो, म्हणून त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मूळ घटना मात्र आठवायला हवी. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संबंधामुळे रक्तस्राव होऊन मरण पावली. पती हरिमोहन मैती पस्तिशीचा होता. १८६० च्या दंडविधानात संमतीचे वय दहा होते, आणि फुलमणी दहाच्या वर होती. म्हणून त्याच्यावर बलात्काराचा आरोप ठेवताच येत नव्हता. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ठिकठिकाणच्या स्त्री डॉक्टरांनी आपल्यापुढे आलेल्या अशाच मुलींची प्रकरणे सरकारपुढे मांडली. १९ मार्च १८९१ रोजी वय बारावर नेणारा कायदा मंजूर झाला.

या वादात लोकमान्यांचा आक्षेप परक्या सरकारने आमच्या घरात हात घालण्याला होता. त्यांच्यावर टीका करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी आधी स्वतःच्या घरी पाळाव्यात, मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, अशी लेखी प्रतिज्ञा त्यांनी १८९० मध्येच सुचवली होती. म्हणजे कायद्याने मागितले त्यापेक्षा हे वय चार वर्षांनी जास्त होते. दुसऱ्या बाजूने त्यांचे अनुयायी म्हणवणारेही एक गोष्ट विसरतात. ती प्रतिज्ञा घरोघर पाळली गेली असती तर कायद्याची वेळच आली नसती. ती पाळली गेली नाही. समाजाने स्वतः सुधारावे, सरकारने मध्ये पडू नये, हे म्हणण्याचा अधिकार जो समाज खरोखर सुधारतो त्यालाच पोचतो. फुलमणीच्या मृत्यूनंतर 'आम्ही हळूहळू सुधारू' हे उत्तर तोकडे होते, आणि आपल्या बाजूची माणसे म्हणून ते लपवण्यात अर्थ नाही.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्या वेळी शास्त्रग्रंथ उघडून दाखवले की, ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधान झालेच पाहिजे हा आग्रह शास्त्राचा अटळ आदेश नाही. त्यांचा तो मार्ग आजही उपयोगी आहे. परंपरेच्या नावाने जे खपवले जाते ते परंपरेत आहे का, हे पाहणे हीच परंपरेची खरी सेवा.

पाहू गेले तर काय आढळते? आठ विवाहप्रकारांत सर्वांत खालचा, निंद्य म्हणून सांगितलेला प्रकार पैशाच. त्याचे लक्षण मनुस्मृतीत असे आहे की, झोपलेल्या, मद्याने धुंद असलेल्या किंवा भान हरपलेल्या स्त्रीशी एकांतात संबंध करणे. म्हणजे जी शुद्धीवर नाही तिची संमती असू शकत नाही, हे आजच्या दंडविधानातले तत्त्व त्या लक्षणात आहे. त्याच स्मृतीत गुणहीन वराला देण्यापेक्षा मुलगी आमरण पित्याच्या घरी राहिली तरी चालेल, असेही सांगितले आहे. गृह्यसूत्रांत विवाहानंतर किमान तीन रात्री वधूवरांनी ब्रह्मचर्य पाळावे, जमिनीवर निजावे, अळणी जेवावे असा विधी आहे, आणि मग चतुर्थीकर्म. वात्स्यायनाच्या कामसूत्राचे नाव काढले की, लोक हसतात किंवा कानावर हात ठेवतात. बाजारात त्या नावाने जे विकले जाते ते पाहता त्यांचा दोषही नाही. पण त्या ग्रंथात नववधूचा विश्वास कसा संपादन करावा यावर स्वतंत्र प्रकरण आहे. स्त्री फुलासारखी असते, घाई केली, बळजबरी केली तर तिच्या मनात संबंधाविषयीच तिटकारा उत्पन्न होतो, ती पतीचा द्वेष करू लागते. म्हणून आधी बोलणे, मग हळुवार जवळीक, तिने मान हलवून का होईना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा त्याचा क्रम आहे.

सगळेच असे आहे, असे कोणी समजू नये. याच ग्रंथांतून बालविवाहाची वचनेही काढता येतात आणि ती काढली गेलीच. प्रश्न निवडीचा आहे. आपल्या लग्नात कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराला बजावतो की, धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिचे अतिक्रमण करू नकोस. वर उत्तर देतो, 'नातिचरामि'. हा शब्द बहुतेक वर भटजींच्या मागून अडखळत उच्चारतात. तेवढ्यात छायाचित्रकार त्यांना हसायला सांगत असतो. त्या तीन बाबींत 'काम' ही एक बाब आहे, याकडे किती जणांचे लक्ष जाते? हे वचन सामान्यतः एकनिष्ठेचे म्हणून समजावले जाते आणि ते योग्यच आहे. पण अतिचरण म्हणजे मर्यादा ओलांडणे. मर्यादा बाहेरच्या स्त्रीपुरुषांच्या बाबतीत जशी असते तशी शेजारी झोपलेल्या पत्नीच्या इच्छेचीही असते.

आता मौनाकडे येऊ. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. भावाने तक्रार केली म्हणून चौकशीसाठी तिला तिथे बोलावले होते. घरचे लोक बाहेर उभे होते. तिच्या नावाने हे प्रकरण देशभर ओळखले जाते, पण अशा स्त्रीचे नाव उघड करू नये हा पुढे झालेला नियम येथेही पाळणे बरे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. तिला पूर्वी शरीरसंबंधाचा अनुभव होता, हे त्यामागचे एक कारण होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा स्पष्ट फरक त्या निकालाने केला. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, म्हणून संमती गृहीत धरली गेली. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याचे बंद दार, समोर गणवेशातील दोन माणसे. अशा ठिकाणी त्या पोरीने ओरडावे तरी कोणासाठी?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राने देश हलला. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. १९९० मध्ये महाराष्ट्रातीलच मर्डीकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चारित्र्यावर बोट ठेवले जाणाऱ्या स्त्रीलाही आपल्या देहावर अधिकार आहे. कोणीही यावे आणि तिच्यावर हक्क सांगावा, असे नाही. आणि दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच केली. शब्दांनी, खुणेने वा अन्य रीतीने दिलेली, निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची मान्यता म्हणजे संमती. केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात हीच व्याख्या आहे. 'मौनं संमतिलक्षणम्' या वचनाला देशाच्या कायद्याने शरीरसंबंधापुरते अधिकृतपणे रजा दिली, ती अशी.

एका ठिकाणी मात्र ते वचन कायद्यात अजून टिकून आहे. पत्नी अठरा वर्षांची असेल तर पतीने तिच्याशी केलेला संबंध, तिची संमती असो वा नसो, बलात्कार ठरत नाही. पूर्वी हे वय पंधरा होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अठरावर आणले. या अपवादाचे मूळही तपासण्यासारखे आहे. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहून ठेवले की, विवाहाच्या करारातच पत्नी कायमची संमती देते आणि ती तिला मागे घेता येत नाही. त्याच विचाराची सावली आपल्या दंडविधानावर पडली. म्हणजे नांदायला लावण्याचा दावा तिकडचा आणि हा अपवादही तिकडचा. हेल यांचे मत इंग्लंडमध्ये १९९१ साली तिथल्या सर्वोच्च पीठाने मोडीत काढले. आपल्याकडे तो अपवाद भारतीय कुटुंबव्यवस्थेचा आधारस्तंभ म्हणून मांडला जातो, याचे थोडे नवल वाटायला हवे.

न्यायालयीन प्रश्न अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२२ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी यावर परस्परविरुद्ध मते दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, २०२४ मध्ये केंद्र सरकारने, पतीला बलात्काराचे कलम लावणे अतिकठोर होईल, अन्य उपाय उपलब्ध आहेत, अशी भूमिका मांडली. उपाय आहेत, हे खरे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, आणि विभक्त राहणाऱ्या पत्नीवर बळजबरी केल्यास शिक्षा आहे. बंद खोलीत काय घडले याचा पुरावा काय, खोटी तक्रार झाली तर काय, ही भीतीही निराधार म्हणून उडवून लावता येत नाही. परंतु 'शिक्षा कोणत्या कलमाखाली व्हावी' हा प्रश्न वेगळा आणि 'हे वागणे योग्य आहे का' हा प्रश्न वेगळा. पहिल्याचे उत्तर न्यायमूर्ती देतील. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी कुटुंबाने कोणत्या निकालाची वाट पाहावी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रश्न होता की, पतीला गुप्तरोग असेल, त्याचे बाहेर संबंध असतील, किंवा पत्नी थकलेली असेल तर तिने नकार देणे योग्य का. तिन्ही कारणांसाठी योग्य असे म्हणणाऱ्या स्त्रिया ८० टक्के होत्या, पुरुष ६६ टक्के. दर तीन पुरुषांतील एकाला यातले एक तरी कारण पुरेसे वाटत नाही. ते पुरुष कोणाच्या तरी घरातच वाढले.

तिथूनच बालपणाकडे यावे लागते. आपल्याकडे पाहुणे आले की, मुलाला फर्मान सुटते : काकांना मुका दे, आजोबांच्या मांडीवर बस. मूल अंग चोरते, आईच्या पदरामागे लपते. मोठी माणसे हसतात, 'लाजतोय' म्हणतात आणि त्याला पुढे ढकलतात. बहुतेक वेळा यात प्रेमाखेरीज काही नसते. पण त्या क्षणी मूल एक गोष्ट शिकते की, आपले अंग आपले नाही, मोठ्यांनी मागितले की द्यायचे असते. तीच शिकवण पुढे कोणाच्या हाती पडेल, याची खात्री आईबापांना देता येत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची, विश्वासातली होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतही बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी परिचित असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. मुलांना आपण शिकवतो की, अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस. धोका मात्र ज्याने खाऊ आणला आहे आणि ज्याला आपण चहा देत आहोत त्याच्याकडून अधिक असतो.

यावर घरात संशयाचे वातावरण करावे, असे कोणी म्हणत नाही. आजोबांच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नसते आणि ती तशीच राहिली पाहिजे. एवढेच करावे की, मूल नको म्हणाले तर नमस्कारावर भागवावे. नमस्कार हा आपला फार शहाणा शिष्टाचार आहे. त्यात आदर आहे आणि अंतरही आहे. आणि मुलाने कोणाविषयी काही सांगितले तर पहिला प्रतिसाद 'असं बोलू नये, मोठे आहेत ते' हा नसावा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरवला आहे. आईबापही त्याला अपवाद नाहीत. घराण्याची अब्रू म्हणून दडपण्याची सोय आता कायद्यानेही ठेवलेली नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक घरात दिसेल अशा जागी लिहून ठेवावा. मुलाला तो पाठ असावा.

या कायद्याविषयी २०२१ च्या जानेवारीत नागपूर खंडपीठाचा एक निकाल आला. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा त्या कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला का हे महत्त्वाचे नाही, हेतू काय होता हे महत्त्वाचे आहे, असे न्यायालयाने सांगितले. घरातल्या कोणत्याही आजीने हे आधीच सांगितले असते. स्त्रीला स्पर्शातला हेतू कळतो, कापड मध्ये असो वा नसो.

वाढत्या मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पोक्सोने संमतीचे वय अठरा केले. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी परस्परांच्या ओढीने केलेली चूकही कायद्याच्या दृष्टीने अत्याचारच ठरते. मुलीच्या घरच्यांनी तक्रार करायची, मुलाने कोठडीत जायचे आणि मुलीने न्यायालयात फितूर व्हायचे, अशी प्रकरणे अनेक उच्च न्यायालयांपुढे आली आहेत. वय खाली आणावे का, यावर मतभेद आहेत. वय खाली आले तर खऱ्या शोषकाला पळवाट मिळेल, ही शंका खोटी नाही. तोवर मुलग्यांच्या आईबापांनी तरी त्यांना हा कायदा स्पष्ट शब्दांत सांगावा. दहावीच्या मुलाला दुचाकी देताना परवान्याचे वय सांगणारे बाप पुष्कळ आहेत, हे वय सांगणारे विरळाच.

आणि विवाहयोग्य मुलाशी कोणी बोलावे? पूर्वी ते काम वहिनी, मोठा भाऊ, आत्या यांच्या थट्टामस्करीतून आडमार्गाने का होईना होत असे. आता चौकोनी घरात ते माणूसच उरले नाही. मुलगा जे शिकतो ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून. तिथल्या चित्रफितींत स्त्री कधी 'नको' म्हणत नाही, म्हणालीच तर तो खोटा नकार असतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढले तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. त्यांची सगळी मते या सभागृहात कोणाला पटणार नाहीत. पण शास्त्रशुद्ध माहिती दिली नाही तर अशास्त्रीय माहिती आपोआप पोचते, हे त्यांचे म्हणणे आज कोण नाकारील? लग्न ठरल्यावर कपडे, दागिने, कार्यालय, केटरर यांच्या बैठका महिनाभर चालतात. त्यातला अर्धा तास एखाद्या विश्वासू डॉक्टरांकडे वधूवरांसाठी काढला तर काही बिघडत नाही. वडिलांनी मुलाला एकदा बाजूला घेऊन एवढे जरी सांगितले की, ती दमली असेल, घाबरली असेल, नको म्हणत असेल तर थांब, त्यात तुझा पुरुषार्थ कमी होत नाही, तरी बरेच काम होईल. हे सांगताना शब्द सापडणार नाहीत. सापडतील तेवढ्यांत सांगावे.

उरलेला वेळ प्रश्नांसाठी आहे. उभे राहून विचारण्याचा संकोच वाटत असेल तर दाराशी कागद ठेवले आहेत. प्रश्न लिहून पेटीत टाकावा, नाव लिहू नये.